विहारातला योगवर्ग

कुसगावच्या शालन कांबळे लोणावळ्याच्या एका योगकेंद्रात मॅट धुवायच्या. मऊ फडकं, थोडा साबण, मग सावलीत वाळवण, कारण कडक उन्हात मॅटला चिरा पडतात. वाकून वाकून त्यांची कंबर धरली, तेव्हा तिथल्या शिक्षिका स्नेहल म्हणाल्या, "मावशी, उद्या धुण्याआधी या मॅटवर आडव्या व्हा. मी शिकवते."

शालनताई लाजल्या, पण शिकल्या. कंबर मोकळी झाली. आता रोज सकाळी गावच्या विहारात त्या बायकांना आसनं शिकवतात. त्यांची सून अमृताही येते. परवा वर्ग संपल्यावर ती म्हणाली, "आई, राहू द्या, तुमची मॅट मी पुसते."

"न्हाई," शालनताई फडकं पिळत म्हणाल्या, "हितं मी सासू न्हाई. तुजी तू पूस, माजी मी पुसते."