कुंकू लागलेली घंटा

मी काम करतो त्या वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोदामात ती घंटा चार दिवस पडून होती. परतवाड्याच्या पुढच्या एका गावात नवं चर्च बांधलं, तिथे पोचवायची. पत्ता वाचला आणि मी ड्रायव्हर गणपतभाऊंच्या ट्रकमध्ये चढून बसलो. त्याच गावात आग्नेस राहते. आम्ही कॉलेजात सोबत होतो. परीक्षेत प्रोफेसरांशी भांडून, पेपर फाडून मी निघालो तो परत गेलोच नाही. माझ्या खिशात चांदीची अंगठी होती. ती फादरकडून मंतरून घ्यायची, म्हणजे आग्नेसला नाही म्हणता येणार नाही, असा बेत.

"काहून बे, कॉलेज सोडून घंटा वाहून राहिला?" गणपतभाऊ म्हणाले.

"तुमी गाडी चालवा."

"बाप्पा! तापला."

तुम्ही जाणार असाल तर सकाळीच निघा. कोंढाळीपर्यंत रस्ता बरा, पुढे कंबर सांभाळायची. एसटीने जाणाऱ्यांनी अमरावतीला गाडी बदलायची. तळेगावचे आलूबोंडे सोडू नका, आणि नुसत्या चटणीवर भागवू नका, रस्सा मागून घ्या.

घोळ तळेगावलाच झाला. मी हौसेने पान्याने घंटा वाजवली. हॉटेलवाल्याची बायको पदर सावरत आली.

"कोन्या देवाची हाय गा?"

"चर्चची."

"मंग देवाचीच ना!" म्हणत तिने हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, वर नारळ फोडला. खोबरं गणपतभाऊंनी खाल्लं. मीही खाल्लं.

ऊन कलताना गावात पोचलो. ताडपत्री काढली तर समोर आग्नेसचे वडील! चर्चची देखभाल तेच करतात. मी घाईघाईने थुंकी लावून कुंकू पुसायला लागलो.

"थुंका नोको लावू!" ते ओरडले. "ज्याले हात लावते ते नासवते हा पोरगा."

मी पाना खाली आपटला. तेवढ्यात म्हातारे फादर हसत बाहेर आले. "असू द्या. आज ते नुसतं कासं आहे, कोणीही वाजवावं. उद्या बिशप येतील. मग नाही."

म्हणजे काय? वऱ्हांड्यात चहा पिताना मी विचारत सुटलो आणि फादर सांगत गेले. शेकडो वर्षांपूर्वी युरोपात शेत, भाकरी, मीठ, आजारी गाय, सगळ्यांना आशीर्वाद मिळायचा. पण आशीर्वादानंतरही शेत शेतच राहायचं, भाकरी पोटात जायची. वेदी, पूजेचा प्याला, घंटा यांचं वेगळं. बिशपने त्यांना तेल लावलं की ती देवाची झाली. मग त्या प्याल्यात कोणी पाणी प्यायचं नाही. घंटेला तर आतून-बाहेरून मिठाच्या पाण्याने न्हाऊ घालून नाव ठेवायचे. तिच्या आवाजाने गारपीट पळते अशी लोकांची समजूत होती.

"म्हणजे प्राणप्रतिष्ठा?"

"जवळचं आहे. पण प्राण येत नाही. माणूस आपला हक्क सोडतो."

फादर पुढे सांगू लागले, नव्या चर्चचं बंद दार बिशप काठीने ठोठावायचे, फेरी मारून पुन्हा ठोठावायचे. तिसऱ्यांदा दार उघडायचं.

"दुसऱ्यांदा काहून नाही?"

"दोनदा ठोठावून परत फिरणारे पुष्कळ असतात," फादर म्हणाले.

मी अंगठी पुढे केली. "हिले आशीर्वाद नको. ते दुसरं, तेलाचं करा. कोनी मागं फिरता कामा नये."

वडिलांच्या मदतीला आलेली आग्नेस कप गोळा करत होती. ती थांबली. "कोनी म्हंजे मी. अन् तू? पेपर फाडून कोन उठलं होतं?"

मी तिच्याकडे न पाहता अंगठी फादरच्या हातात कोंबली.

फादरनी अंगठी माझ्या तळहातावर परत ठेवली. "दोघं मिळून आणा. तेव्हा पाहू."

दुसऱ्या दिवशी सकाळी बिशपनी घंटा धुतली. कुंकवाचं पाणी गुलाबी होऊन खाली आलं. आग्नेस टॉवेलने घंटा पुसत होती. घंटेवरच्या अक्षरांच्या खाचेत थोडी लाली राहिली, ती तिने पुसली नाही. माझ्याकडे पाहिलं मात्र. मग तेल लागलं, आणि मला वाटलं, आता ही पान्याने नाही वाजवता येणार.

परत आल्यावर महाल भागातल्या माझ्या घरी अंगठी पेटीत ठेवून दिली, आशीर्वादावाचून. त्या प्रवासातून मी एवढंच आणलं, आणि एक खोड. काल नंदनवन वस्तीत, ज्यांच्याशी भांडलो होतो त्या प्रोफेसरांच्या घरी गेलो. दार वाजवलं. कोणी आलं नाही. कोपऱ्यापर्यंत चालत जाऊन आलो, पुन्हा वाजवलं. काहीच नाही. एरवी मी लाथ घालून निघालो असतो. अजून एकदा कोपऱ्यापर्यंत गेलो, आलो, आणि तिसऱ्यांदा वाजवलं.

आत चपला ओढत कोणीतरी येत होतं.