जोशीचा बर्फातला सेमिनार

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. ड्रॉवरमध्ये जुने चार्जर साठतात तसे ते साठतात. एक काढायला जावं तर पाच गुंतून बाहेर येतात.

आमच्या किर्गिझस्तानच्या स्की-ट्रिपचं तेच झालंय. कुणाकडे जेवायला गेलो की फर्माईश होते, "तो जोशीचा सांगा ना!" आणि आधीचे सांगितल्याशिवाय तो सांगता येत नाही. शिवाय एक किस्सा सांगून स्वस्थ बसणं माझ्याच्यानं होत नाही. स्वस्थ बसणंच होत नाही! बायको म्हणते, "हे खुर्चीत बसतात तेसुद्धा निघाल्यासारखे."

तर आम्ही चौघं. मी आणि जोशी बेंगळुरूच्या एका सरकारी प्रयोगशाळेत एकाच दिवशी लागलो, आणि आता आणखी दोन वर्षांनी एकाच दिवशी रिटायर होऊ. तिसरे पाटील अण्णा, निपाणीचे, कॉलेजात केमिस्ट्री शिकवून मोकळे झालेले. चौथी शुभांगी, पुण्याची, सॉफ्टवेअरमधली, आमच्यात सगळ्यांत लहान. रविवारी सकाळी मल्लेश्वरममध्ये चालायचं आणि मग डोसा खायचा, एवढंच आमचं मंडळ.

*

एका रविवारी शुभांगीने डोसा यायच्या आत फोनवर एक व्हिडिओ दाखवला. पांढरेशुभ्र डोंगर, लांबवर एकही घर नाही, आणि पायांना स्की बांधून चार माणसं वर चढतायत. लिफ्ट नाही, दोर नाही. स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवायच्या, म्हणजे मागे घसरत नाही. वर पोचलं की पट्ट्या काढायच्या आणि घसरत खाली यायचं.

"आपण जायचं," मी म्हणालो. डोसा अजून आला नव्हता.

अण्णा म्हणाले, "जाऊया की! त्यात काय?"

जोशीने व्हिडिओ तीन वेळा पाहिला. मग फोन उलटा ठेवला आणि म्हणाला, "सुनंदाला काय सांगू?"

हा प्रश्न साधा नव्हता. चार वर्षांपूर्वी जोशी एका ट्रेकला दगडावरून घसरला होता. उजवा पाय दोन ठिकाणी मोडला. सुनंदावहिनींनी तीन महिने त्याला लहान मुलासारखं सांभाळलं, रजा संपली तेव्हा बिनपगारी घेतली. प्लास्टर निघालं त्या दिवशी त्यांनी एवढंच मागितलं, की आता डोंगर नको. जोशीने शब्द दिला. आणि तेव्हापासून दर रविवारी हा माणूस डोसा खाताना डोंगरांचे व्हिडिओ बघतोय!

*

जोशीने ठरवलं, वहिनींना सांगायचं की परदेशात सेमिनार आहे.

इथपर्यंत ठीक होतं. पण आमच्या खात्यात कागदाशिवाय कुणाला साधी शिंकसुद्धा येत नाही. जोशीने सेमिनारचा तीन पानी कार्यक्रम टाइप केला. रोजची सत्रं, चहाची सुट्टी, वक्त्यांची नावं. विषय होता, 'अतिथंड वातावरणात यंत्रणांची विश्वासार्हता'. तिसऱ्या दिवशी जेवणानंतर स्वतःचं भाषणही ठेवलं.

अण्णांनी कागद उलटसुलट बघितला. "काय हो जोशी, बायकोला खोटं सांगायला कागद कशाला लागतोय? तोंड हाय की!"

दुसरीकडे, सरकारी नोकराला परदेशी जायला ऑफिसची परवानगी लागते. त्या अर्जात कारण लिहावं लागतं, आणि अर्जात खोटं लिहायची जोशीची छाती नाही. त्याने स्वच्छ लिहिलं, 'खाजगी सहल, स्कीइंगसाठी'. आमचे डायरेक्टर सही करताना म्हणाले, "जपून या हं जोशी!"

लोक ऑफिसला खोटं सांगतात आणि घरी खरं. आमच्या जोशीचं सगळं उलट!

*

बेंगळुरूत बर्फ मिळतो तो उसाच्या रसात. म्हणून शुभांगीने, आमच्यात स्की येणारी ती एकटीच, चाकांच्या स्की आणल्या आणि जे. पी. नगरच्या माझ्या सोसायटीच्या पार्किंगच्या उतारावर आमचा सराव सुरू झाला. हेल्मेट घातलेले तीन म्हातारे दोन्ही हातांत काठ्या घेऊन गाड्यांच्या मधून घसरतायत, हे बघायला वॉचमन रोज खुर्ची घेऊन बसायचा.

मला सूचना ऐकवत नाहीत. समोर उतार दिसला की मी निघतो. एकदा असाच सुटलो. खाली सेक्रेटरींची नवी गाडी उभी होती. मी ओरडलो, "शुभांगी! थांबायचं कसं?"

वरून उत्तर आलं, "काका, ते काल शिकवलं! तेव्हा तुम्ही निघून गेला होतात!"

गाडीचा आरसा मी भरून दिला.

*

स्कीच्या पँट मला आणि जोशीला लांब होत होत्या. शिवाजीनगरला एका टेलरकडे दिल्या. त्याने पाय कापले, आणि बुटावर घट्ट बसून बर्फ आत जाऊ न देणारं आतलं इलॅस्टिक 'उगाच लोंबतंय' म्हणून काढून टाकलं. वर आमच्या आदराखातर कडक इस्त्री मारून दिली.

किर्गिझस्तानच्या त्या टोकाच्या खेड्यात आमचा गाइड अझमत पहिल्यांदा भेटला तेव्हा तो आमच्या तोंडाकडे बघतच नव्हता. तो पँटच्या इस्त्रीच्या क्रीजकडे बघत होता. मग त्याने शुभांगीला हळूच विचारलं, "हे दोघे बँकेतून आले का?"

*

अझमतला किर्गिझ आणि रशियन येई, इंग्रजी थोडंसं. अण्णांचा नियम असा, की समोरच्याला मराठी येत नसेल तर त्याला कन्नड येणारच! त्यामुळे अझमत वेगात निघाला की अण्णा मागून हाक मारायचे, "स्वल्प! स्वल्प निधान, मारायरे!"

म्हणजे जरा हळू, महाराज. अझमतला अर्थ कुणी सांगितला नाही, पण अण्णांच्या आवाजावरून तो थांबायचा. तिसऱ्या दिवशी एक जर्मन ग्रुप वरून भन्नाट वेगाने आमच्या अंगावर यायला लागला. अझमत दोन्ही हात वर करून ओरडला, "स्वल्प! स्वल्प!"

आणि ते थांबले!

*

खेड्यातल्या गेस्टहाउसमध्ये नेट होतं, आणि तेच जोशीच्या मुळावर आलं. वहिनींनी तो तीन पानी कार्यक्रम फ्रिजवर लावला होता. रोज संध्याकाळी त्यांचा मेसेज यायचा. पहिल्या दिवशी, "उद्घाटन झालं का वेळेवर?" दुसऱ्या दिवशी, "त्या फिनलंडच्या बाई कशा बोलल्या?"

फिनलंडच्या बाई जोशीने सहाव्या चहानंतर रचल्या होत्या आणि तो त्यांना साफ विसरला होता. मग रोज बूट वाळत घातले की आमची मीटिंग. आज कोण काय बोललं, जेवायला काय होतं, प्रश्न कुणी विचारले. शुभांगी म्हणाली, "सिरियसली, ह्यापेक्षा खरा सेमिनार भरवणं सोपं होतं!"

तिसऱ्या दिवशी वहिनींनी विचारलं, "भाषण कसं झालं? घसा बसला नाही ना?"

त्या दिवशी जोशी सकाळपासून सतरा वेळा पडला होता. प्रत्येक पडण्याला ओरडून त्याचा घसा खरंच बसला होता. त्याने लिहिलं, "थोडा बसलाय." पाठवलं आणि फोन माझ्या हातात दिला. म्हणाला, "हा तुझ्याकडे ठेव. मला बघवत नाही."

*

चौथ्या दिवशी आम्ही वर एका तंबूत राहायला गेलो. जाड लोकरीच्या नमद्याचा गोल तंबू, मधोमध शेगडी. तिथे नेट नाही, फोन नाही. आणि जाताक्षणी वादळ सुरू झालं. दोन दिवस दार उघडायची सोय नव्हती.

माझी काय अवस्था झाली असेल! तंबू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नऊ पावलं. मी ती दिवसभर मोजली. अण्णा घोरत होते. शुभांगी पत्ते पिसत होती. मी अझमतला दर दहा मिनिटांनी विचारायचो, "आता थांबलं का?" शेवटी तो म्हणाला, "वादळ थांबेल. तुम्ही कधी थांबणार?"

पण माझ्याहून जास्त तळमळत होता तो जोशी. दुपारी त्याने शेगडीत लाकूड सरकवलं आणि कुणाकडे न बघता म्हणाला, "पडण्याची भीती नाही रे वाटत. पण परवा मला काही झालं, तर सुनंदाला पहिला फोन कुणी अनोळखी माणूस करेल. तिला वाटेल, सेमिनारला गेलेला माणूस बर्फात कसा मेला? आणि मग तिला सगळं कळेल, आणि तेव्हा मी सांगायलाही नसेन."

मला स्वतःची लाज वाटली. सेमिनारच्या त्या कार्यक्रमाचं मुद्रितशोधन मीच केलं होतं.

अण्णा जागे होते वाटतं. पांघरुणातूनच म्हणाले, "मग सांगून टाका की, जोशी. ती काय खाते काय तुम्हाला?"

*

सहाव्या दिवशी आभाळ स्वच्छ झालं. पहाटेच निघालो, पट्ट्या लावून तासन्‌तास चढलो आणि दहाच्या सुमाराला खिंडीवर पोचलो. पलीकडे चारशे मीटरचा उतार, कोरा करकरीत. तळाला आमचं सामान घेऊन एक घोडेवाला उभा, राईएवढा. त्या एका उतारासाठी आम्ही इथवर आलो होतो.

माझ्या स्की बांधून तयार होत्या. अझमतने मला कॉलरला धरून ठेवलं होतं.

आणि माझ्या खिशात फोन वाजला. जोशीचा फोन! दूरच्या तळ्याकाठच्या गावाचा टॉवर असावा, त्या खिंडीत चक्क नेट होतं. दोन दिवसांचे वहिनींचे मेसेज एकामागून एक येत होते. "कुठे आहात?" "फोन का लागत नाही?" शेवटचा नुसताच, "अहो."

जोशीने वाचलं. म्हणाला, "लाव."

त्याचे हात ग्लोव्हजमध्ये गोठले होते, म्हणून फोन मी धरला, स्पीकर लावून. पहिल्याच रिंगला वहिनींनी उचलला.

"सुनंदा," जोशी म्हणाला, "सेमिनार नाहीये. कधीच नव्हता. मी डोंगरावर आहे. बर्फात. पायाला स्की आहेत. तुला दिलेला शब्द मी मोडला."

पलीकडे कुकरची एक शिट्टी झाली. इतक्या लांबून ती अगदी स्पष्ट ऐकू आली.

मग वहिनींचा आवाज आला. अगदी सपाट. "किती उतरायचंय अजून?"

"चारशे मीटर."

"मग आधी नीट उतरा. कुणाशी शर्यत लावू नका. खाली पोचलात की फोन करा. भांडण तेव्हा."

फोन बंद झाला. जोशीने तो माझ्याकडून घेऊन खिशात टाकला, चष्मा पुसला, वर गॉगल चढवला आणि आमच्या कुणाची वाट न बघता निघाला.

इतके दिवस पडणारा माणूस तो. त्या दिवशी एकदाही पडला नाही. सावकाश, मोठमोठी वळणं घेत, प्रत्येक वळणाला शुभांगीने शिकवलेलं सगळं करत तो उतरला. मी पाच वेळा पडलो. अण्णा दोनदा, तेही बसून.

तळाला पोचल्यावर आम्ही वेडे झालो. शुभांगी रडत होती, अण्णा घोडेवाल्याला मिठी मारत होते, अझमत फोटोसाठी सगळ्यांना ओळीत उभं करत होता. ओळीत तीनच डोकी भरली.

जोशी मागे बर्फात बसला होता. स्की उलट्या करून त्यांना चढायच्या पट्ट्या चिकटवत होता. वेळ अकराची.

"अरे, आता कुठे?" मी विचारलं.

त्याने खिशातून फोन काढून दाखवला. नेटची एकही काडी नव्हती.

"पुन्हा वर," तो म्हणाला. "ती वाट बघत असेल, भांडायची."