लॉनवरून वळसा घेणारा चौथा

या ग्रुपवरचे अनुभव मी नेहमी वाचते आणि खरं सांगायचं तर निम्म्यांना मनातल्या मनात हसते. भूतबित माझ्या डोक्यात कधी शिरलंच नाही. माझा संशय असतो तो जिवंत माणसांवर... दूधवाला, गॅसवाला, नवऱ्याचे मित्र, सगळ्यांवर. त्यामुळे जे घडलं त्यातही मी आधी माणूसच शोधला. अजून शोधतेय.

मी नाशिकला गंगापूर रोडवर राहते. माहेर मखमलाबादचं, आप्पांची तिथे झेंडू-शेवंतीची शेती. लहानपणी फुलांच्या वाफ्यात पाय पडला की मी आणि धाकटा भाऊ समीर, दोघंही आप्पांचा मार खायचो. चालायचं ते बांधावरूनच. समीर आता मेलबर्नला असतो. गेल्या खेपेला त्याने डोळ्यांवर लावायचे ते हेडसेट आणले — एक आप्पांना, एक मला. ते लावले की आम्ही तिघं एका खोलीत भेटायचो. खोली खरी नाही, पण आत गेलं की खरीच वाटते. भिंतीवर एकाने वेबसाइट उघडली की तिघांना दिसते, आणि काही साइट्सच्या तर आत शिरून हिंडता येतं. प्रत्येकाच्या डोक्यावर त्याचं नाव तरंगत असतं. रविवारी जेवण झालं की आप्पा हॉलंडचे फुलांचे मळे बघायचे आणि "लय पानी पाजत्यात ही लोकं" म्हणून नाक मुरडायचे.

मग आमच्या शेतावर एका बिल्डरची नजर पडली. आप्पांनी जमीन दिली तर तिथे टॉवर उभे राहणार. समीर एका पायावर तयार, मी साशंक, आप्पांचं काही ठरत नव्हतं. बिल्डरने होणाऱ्या प्रोजेक्टची लिंक पाठवली. त्या रविवारी मी मुद्दाम मखमलाबादला गेले, आप्पांच्या शेजारी खाटेवर बसले, आणि आम्ही तिघं त्या साइटच्या आत शिरलो. टॉवर, हिरवंगार लॉन, मुलांचे झोके... सगळं आमच्याच शेतावर.

लॉनच्या पलीकडे चौथा उभा होता. राखाडी आकृती. चेहरा नाही, डोक्यावर नाव नाही.

बिल्डरचा माणूस आमचं घरातलं बोलणं ऐकतोय, दुसरं काय! दुसऱ्या दिवशी त्यांच्या ऑफिसला फोन करून चांगलं झापलं. तिथली मुलगी बिचारी सांगत राहिली की मॅडम, आमच्याकडून आत कुणी येत नाही. समीरने सेटिंग बदललं, नवा पासवर्ड घातला. तरी पुढच्या रविवारी चौथा हजर. आता माझा संशय समीरवरच गेला. पासवर्ड त्याचा, घाईही त्यालाच. तसं मी बोलून दाखवलं.

तो म्हणाला, "ताई, मी तुला फसवीन असं वाटतं तुला?"

मला वाईट वाटलं. पण संशय गेला नाही.

त्यानंतरच्या रविवारी मी पुन्हा आप्पांच्या शेजारी खाटेवर होते. ठरवलंच होतं, बोलायचं नाही, नुसतं त्या चौथ्याकडे बघत राहायचं. तो चालत होता. पण एवढ्या मोकळ्या लॉनवर सरळ मधून जात नव्हता. एका पावलापुढे दुसरं पाऊल ठेवत एका रेषेत जायचा, काटकोनात वळायचा, पुन्हा रेषेत. झोक्यांपाशी आला की लांबून गोल वळसा घ्यायचा. समीर म्हणाला, सॉफ्टवेअरमध्ये काहीतरी गडबड असेल. मी मान डोलावली.

तेवढ्यात आप्पांनी माझा हात धरला. हेडसेटमुळे त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता.

"बांधावरनं चाललाय त्यो," आप्पा हळूच म्हणाले. "जुने बांध. ठिबक टाकताना मोडले ते. आन् झोके हायेत ना, तिथं आपली विहीर व्हती. तुझ्या जन्माच्या आधी बुजवली."

त्यांनी हेडसेट काढला आणि जमीन द्यायची नाही, एवढंच सांगितलं.

आता लपवत नाही, मला आप्पांचाही संशय आला. मनातून जमीन सोडवत नव्हती, म्हणून विहिरीची गोष्ट काढली असेल? मी सायखेड्याला आत्याकडे गेले. तिला बाकी काही बोलले नाही, फक्त विचारलं की आपली जुनी विहीर कुठे होती. ती भाकरी थापत होती. परातीतल्या पिठात तिने बोटाने शेत काढलं, बांध काढले, आणि तो जिथे वळसा घ्यायचा नेमकं तिथे एक गोल केला. मग तिने विचारलं, का गं?

बिल्डरने नाद सोडला, लिंकही बंद झाली. समीर मात्र माझ्याशी नीट बोलत नाही. त्याच्या मते तो चौथा मीच कुणाकडून तरी उभा करवला, व्यवहार मोडायला. त्याच्या जागी मी असते तर मलाही हेच वाटलं असतं. यंदा राखीपौर्णिमेला त्याचा फोन आला नाही. त्या चौथ्यापेक्षा हे मला जास्त लागलं.

तो कोण होता, हे मी आप्पांना एकदाच विचारलं. ते शेवंती तोडत होते, हात थांबला नाही.

"वळखला नाय," म्हणाले. "पन परका आसता तर मधनं गेला आसता. त्यानं वाफ्यात पाय टाकला नाय. घरचाच आसंल."

माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही. कुणाकडे असेल तर खाली लिहा, मी तपासून बघणारच... स्वभाव आहे. एवढं मात्र खरं, हल्ली शेतात गेले की त्या विहिरीच्या जागेवरून मी सरळ जात नाही. सपाट जमीन आहे, झेंडू लावलाय, तरी लांबून वळसा घेते.