खवले मांजराचे चोवीस मणके

माझी नात डिझाइनच्या कॉलेजात शिकते. हे वाक्य आता मी सरळ लिहितो, पण पहिली दोन वर्षं कुणी विचारलं की "ड्रॉइंग शिकती" एवढं सांगून विषय बदलायचो. ती नेमकं काय शिकते ते मला सांगता येत नव्हतं, आणि येत नाही असं म्हणायची मला सवय नाही.

मी पॅटर्नमेकर. उद्यमनगरात फौंड्रीवाल्यांना लाकडाचे नमुने करून देण्यात माझा जन्म गेला. आधी लाकडाचा नमुना करायचा, तो वाळूत दाबायचा, वाळूत उमटलेल्या जागेत वितळलेलं लोखंड ओतायचं, की वस्तू तयार. लाकडातली चूक लोखंडात उतरते. म्हणून पॅटर्नमेकरनं चुकायचं नसतं. शाळा मी चौथीत सोडली, पण शिकलेले इंजिनियर ड्रॉइंगचे कागद घेऊन माझ्याकडं यायचे आणि "मिस्त्री, जमंल काय बघा जरा" म्हणायचे. कारखाना सुटला तरी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझं टेबल, रंधे, पटाश्या, कानशी अजून जागच्या जागी आहेत. त्यांना कुणी हात लावलेला मला चालत नाही. नातीनं लावला तर चालतो. तेही विचारून.

पहिल्या वर्षाला तिनं छत्रीच्या काळ्या कापडाचे माशाचे कल्ले केले आणि माजघराच्या दारात टांगले. जवळून माणूस गेलं की ते हळूच उघडायचे आणि मिटायचे, अगदी श्वास घेतल्यासारखे. त्या दिवशी मी चार वेळा उठून पाणी प्यालो. तहान नव्हती. दुसऱ्या दिवशी आमच्या बायकोनं त्यावर ओला टॉवेल वाळत टाकला.

"आज्जी, ते प्रोजेक्ट हाय की!" नात ओरडली.

"असंना. हलतंय न्हवं? लवकर वाळंल," ही म्हणाली.

दुसऱ्या वर्षी सावरीच्या कापसाचं काहीतरी केलं. नळीत फुंकर मारली की शंभर बोंडांतला कापूस वर उडायचा. सगळं असलंच, झाडाझुडपांतलं, किड्यामुंग्यांतलं. मी एकदा म्हटलं, "एवढं शिकून मुंग्यांच्या मागं कशाला लागलीयास?"

"आज्जा, मुंगी वारुळात हवा खेळवती, पंख्याबिगर. आमच्या सरांच्या खोलीत दोन पंखे हाईत, तरी घाम येतोय."

हे मला पटलं. चांगलं काम कुणाचंही असो, मी मान देतो.

शेवटच्या वर्षी ती कागदाची मोठी भेंडोळी काखेत घेऊन शेडमध्ये आली आणि ती टेबलावर पसरून तिनं चार कोपऱ्यांवर माझे चार रंधे ठेवले. न विचारता. कागदावर खवले मांजर होतं. तिच्या आईच्या गावाला, शाहूवाडीच्या डोंगरात, लहानपणी तिनं एक बघितलं होतं. माणसं भोवती जमली, कुणी काठी लावली, तसं ते चेंडूसारखं गुंडाळून बसलं. माणसं कंटाळून गेली. नात एकटीच थांबली, आणि तिला ते उलगडताना त्याचं नाक दिसलं.

"तसंच करायचंय," ती म्हणाली. "नुसती पाठच सहा फुटांची. पाठीवर हात ठेवला की गुंडाळणार. मग जो गप थांबंल त्यालाच उलगडून दिसणार."

"आत काय?"

"मणके. लाकडाचे, तीन-तीन इंचाचे चोवीस. त्यातनं दोरी. मोटर दोरी ओढणार, पाठ वाकणार. वरनं खवल्यांचे पट्टे, एका मणक्यावर एक. ते मी कॉलेजात कापून आणतो." आमच्याकडच्या पोरींसारखी तीही घरात 'आणतो, करतो' असंच बोलते. मग जरा घुटमळून म्हणाली, "मणके तुमी करून देताय काय? दुसऱ्याकडनं करून घेतलेलं चालतंय, कुणाकडनं घेतलं ते लिहायचं फक्त."

मी लगेच हो म्हटलं नाही. ड्रॉइंग उलटसुलट बघितलं, दोन ठिकाणी बोट ठेवून "हितं जाडी पायजे" म्हणालो, मग चष्मा काढला आणि म्हटलं, "बघू." तेवढ्यानं ती टेबलाभोवती नाचली. मला ओळखून आहे.

शिवणीचं लाकूड आणलं. हलकं, पटाशीला गोड. पंधरा दिवस मी सकाळी चहा पिऊन शेडमध्ये जायचो ते जेवायलाच बाहेर यायचो. ही म्हणायची, "अवं, पगार मिळत हुता तवा बी एवढं करत न्हवता." नात कॉलेजातून आली की स्टूल ओढून बसायची. एकदा तिनं तिची प्लास्टिकची पट्टी मणक्याला लावायला घेतली, तर मी तिच्या हातातून काढून घेतली. म्हटलं, "माझं माप तपासायचं न्हाय. पन्नास वर्षांत कुणी तपासलं न्हाय." ती हसली आणि पट्टी दप्तरात टाकली.

चोवीस मणके झाले. परीक्षेला आठ दिवस होते. आम्ही दोघांनी ते दोरीत ओवून डोकं आणि शेपूट यांच्यामध्ये बसवायला घेतले. तेवीस बसले. चोविसावा बसेना. पाऊण इंच जागा कमी पडत होती.

"लाकूड फुगलंय," मी म्हणालो. "हवा किती दमट हाय बघ."

शेवटचा मणका तासून बसवला. वरून तिनं खवल्यांचे पट्टे चढवले. डोक्याकडचे नीट बसले, पण पुढं एकेक पट्टा जरा जरा सरकत गेला आणि शेपटीपाशी खवला बरोबर दोन मणक्यांच्या जोडावर आला. मोटर लावली. मांजर अर्धं वाकलं, खवला जोडात अडकला, मोटर घुं घुं करत बसली.

तीन दिवस ती पोर कागदावर वाकून बसली. सगळी मापं पुन्हा काढली, पुन्हा बेरजा केल्या. चूक सापडेना. चूक असेल तर सापडेल ना! तिसऱ्या दिवशी जेवताना ताटातच तिचे डोळे भरले.

"माझं गणितच कच्चं हाय," ती म्हणाली. "कॉलेजातल्या मॅडम म्हटल्या हुत्या मला, सोपं कायतरी घे म्हणून. आता नुसती चित्रं लावतो भिंतीला. पास तर करतील."

"घे, भात घे," आज्जी म्हणाली.

मी म्हणालो, "ड्रॉइंगमध्येच कायतरी आसंल, शांतपणानं बघ." हे मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ती कॉलेजला गेल्यावर मी तिची चूक शोधायला बसलो. तिच्या कागदावर एक मणका खऱ्या मापाचा काढला होता. त्यावर माझी पट्टी ठेवली. रेघ तीन इंचाच्या केसभर आधी संपली. कागद आखडला असेल म्हणून हातानं ताणून बघितला. मग पट्टी उलटी करून मागचा शिक्का वाचला. पट्टी श्रिंकेजची होती.

आमच्या धंद्यात दोन पट्ट्या असतात. एक सरळ, सगळ्या जगाची. दुसरी श्रिंकेजची. वितळलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून नमुना जरासा मोठा करावा लागतो. प्रत्येक वेळी हिशेब नको म्हणून या पट्टीवरचा इंचच केसभर मोठा आखलेला असतो. माझा हात पन्नास वर्षं त्याच पट्टीकडं जातो. सरळ पट्टी घरातलं फळकूट बसवायचं असलं तरच बाहेर निघते. इथं लोखंड ओतायचंच नव्हतं. लाकूड लाकूडच राहणार होतं. केसभर गुणिले चोवीस, पाऊण इंच.

मी सरळ पट्टी काढली, दोन्ही टेबलावर ठेवल्या आणि मणके सोडवून तासायला लागलो. ती येईपर्यंत सगळं करून ठेवायचं आणि लाकूड सुकलं म्हणून सांगायचं, असं मी ठरवलं होतं. पण ती लवकर आली.

"काय करताय?"

"फुगलेलं उतरवतोय."

तिनं टेबलाकडं बघितलं. टेबलापाशी आली, भुसा हातानं बाजूला केला, काहीतरी हाताळलं. मी मान वर केली नाही. मग दप्तर ठेवून तिनं पॉलिश पेपर घेतला आणि समोर बसून मी तासलेली टोकं घासायला लागली. मला वाटलं, सुटलो.

शेवटचा मणका आधीच आखूड झाला होता, तो मी नवा केला. मणके बसले. पट्टे जागेवर आले. मोटर लावली, तर मांजर नाकापासून शेपटीपर्यंत असं गुंडाळलं की आज्जीनं पदर तोंडाला लावला. "बया, जित्तं हाय की गं!"

परीक्षेला घरच्यांना बोलावतात. मी इस्त्रीचा सदरा आणि टोपी घालून गेलो आणि हॉलच्या मागच्या भिंतीला उभा राहिलो. परीक्षक दोघं, बाहेरून आलेले, एक सर आणि एक मॅडम. मॅडमनी पाठीवर हात ठेवला. मांजर टक-टक करत गुंडाळलं. मग सगळेच थांबले, पंख्याचा आवाज तेवढा. हळूहळू ते उलगडलं, नाक बाहेर आलं, आणि मॅडम लहान पोरीसारख्या हसल्या. माझी छाती सदऱ्यात मावेना.

मग सरांनी वाकून आत बघितलं.

"मणक्यांची ही टोकं नंतर घाईत तासलेली दिसतायत. असं का?"

"माझ्या ड्रॉइंगमध्ये मापाची चूक झाली होती, सर," नात म्हणाली. परीक्षकांसमोर ती पुस्तकातलं बोलते. "नंतर दुरुस्त करावी लागली."

"शेवटच्या वर्षाला मापाची चूक?" सर म्हणाले आणि हातातल्या कागदावर काहीतरी लिहायला लागले.

माझ्या कामात चूक आहे असं कुणी म्हटलं असतं तर मी तिथंच भांडलो असतो. पण मला कुणी काही म्हणतच नव्हतं. माझी चूक तिनं अंगावर घेतली होती, आणि त्याची शिक्षा तिच्या नावापुढं उतरत होती.

"ओ सायेब," मी म्हणालो.

सगळा हॉल वळला. आमचा आवाज तसाच आहे.

"आज्जा, गप बसा," नात दातांतून म्हणाली.

"ड्रॉइंग बरोबर हाय. चूक मिस्त्रीची हाय."

"मिस्त्री कोण?"

"मी."

पुढं गेलो आणि दोन पट्ट्यांचं सगळं सांगितलं.

मॅडम म्हणाल्या, "म्हणजे तुमची पट्टी मुद्दामच चुकीची असते?"

"चुकीची न्हाय, बाई. लोखंडापुरती बरोबर हाय. मी ती लाकडाला लावली."

सर पुन्हा कागदाकडं वळले. मगाशी लिहिलेलं त्यांनी खोडलं की ठेवलं, मला दिसलं नाही. मॅडमनी नातीला विचारलं, "हे तुला माहीत होतं?" तिनं मान हलवली, होय अशी, आणि खाली बघत राहिली.

परत येताना तिच्या स्कूटरवर मागं बसलो. ताराराणी चौक आला, तशी तिनं स्कूटर हळू केली.

"तुमी तासत बसला हुता, त्याच दिवशी मला कळलं हुतं," ती म्हणाली. "दोन्ही पट्ट्या शेजारी लावून बघितल्या मी."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी सांगशीला म्हणून थांबलो. तीन दिवस मी ढ हाय म्हणून रडलो, आज्जा. आणि तुमी म्हणताय, शांतपणानं बघ."

पुढं सिग्नल लाल झाला. मी तिच्या खांद्यामागं तोंड नेऊन म्हणालो, "चुकलं माझं."

"काय? ऐकू येत न्हाय."

तिला ऐकू आलं होतं, हे मला कळत होतं. तरी म्हणालो, मोठ्यानं, "माझं चुकलं म्हटलं!"

शेजारच्या मोटरसायकलवरचा दुधाचे कॅन लावलेला माणूस दचकून माझ्याकडं बघायला लागला.

"काय झालं वो, पावणं?"

"तुमाला न्हाय," मी म्हणालो. "माझ्या नातीला सांगतोय."