खिडकी लाव गं

वैशू, कंपनीची गाडी चाळीच्या तोंडाशी आली तेव्हा भर दुपार होती. माझी बॅग तू उचलली होतीस. कांजूरमार्ग ते अंधेरी, असं किती लांब? पण आई अशी रडत होती, जशी काही मी बोटीत बसून चाललेय. बाबा एवढंच म्हणाले, "थंय कोणाक उलट बोलू नको." आयुष्यात त्यांचं एवढंच ऐकलं मी, आणि नेमकं तेच ऐकायला नको होतं.

हे तुला लिहितेय. चाळ सोडून विरारला, बदलापूरला, दुबईला गेलेल्यांनीही वाचावं. आपण सगळे काहीतरी विकूनच बाहेर पडलोय. मी तुझं विकलं.

ते गाणं तुझं होतं. वारा फिरला की डंपिंग ग्राउंडवरच्या कचऱ्याचा वास घरात शिरायचा आणि ताटावर बसलेली तुझी आई खोकत ओरडायची, "खिडकी लाव गं!" त्यावर तू रॅप लिहिलंस. मैदानात आपण दोघी आळीपाळीने म्हणायचो, बाकीच्या पोरी पत्र्याचे डबे बडवून बीट द्यायच्या. कुणीतरी व्हिडिओ टाकला. त्यात माझा चेहरा जास्त दिसला, म्हणून गाणी काढणाऱ्या कंपनीने मला बोलावलं. फक्त मला. तू म्हणालीस, "जा तू. आपलं गाणं बाहेर तरी पडेल."

अंधेरीच्या ऑफिसात भिंतीवर ग्राफिटी होती, पैसे देऊन काढून घेतलेली. तिथल्या मॅनेजरला सगळं 'रॉ', म्हणजे अस्सल वस्तीतलं दिसणारं, हवं असायचं. शूटिंगला आरेमध्ये आपल्या चाळीचा सेट लावला होता. गळकी पिंपं, फाटके पडदे, मुद्दाम ओतलेला चिखल. मेकअपवालीने माझ्या गालाला काजळी फासली. वैशू, आपल्या आया दिवसातून दोनदा लादी पुसायच्या गं! वास बाहेरून यायचा, आपल्या घरातून नाही. हे मी तिथे बोलायला हवं होतं. मी गाल पुढे केला.

मग त्यांनी शब्द बदलले. डंपिंग गेलं, तुझ्या आईचा खोकला गेला. उरलं फक्त "खिडकी लाव गं", आणि त्यापुढे हिंदीत रूम फ्रेशनरचं नाव. ज्या वासावर तू चिडून लिहिलंस, त्याच वासावर ते बाटली विकत होते. आणि माइकसमोर मी उभी होते. तीन टेकमध्ये ओके केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

जाहिरात टीव्हीवर आली त्या रविवारी मी पेढे घेऊन चाळीत आले. तू दारातच उभी होतीस. मी म्हटलं, "कंपनीने फसवलं यार."

"गायली कोण?"

"मी."

"मग कंपनी कंपनी काय करतेस?" म्हणालीस, आणि दार लावलंस.

सोमवारी मी ऑफिसात गेले. गाण्यावर तुझं नाव टाका म्हटलं. मॅनेजर हसला. "जिंगलला कुठे नाव असतं? आणि ही वैशाली आहे कोण?" त्या दिवशी पहिल्यांदा मी उलट बोलले. इतकं बोलले की वॉचमनला बोलवावं लागलं. कंपनी सुटली, जाहिरात नाही. ती अजून लागते. मी आता जोगेश्वरीला भाड्याने राहते, मरोळला कॉल सेंटरमध्ये आहे. तिथल्या पोरी माझ्याकडे बघून गमतीने ती ओळ म्हणतात. त्यांना काय सांगू?

गेल्या महिन्यात कळलं, तू दर रविवारी पुन्हा मैदानात म्हणतेस. आले. मागे, कठड्यापाशी उभी राहिले. नवं रॅप माझ्यावर होतं. चेहरा विकणारी, तोंड भाड्याने देणारी, सगळं होतं त्यात, आणि एक शब्दही खोटा नव्हता. पोरी डबे बडवत होत्या. तू मला बघितलंस. थांबली नाहीस, उलट आवाज चढवलास.

अंधेरीत होते तितके दिवस सगळे मला 'झकास, झकास' म्हणत होते आणि तिथे मला एक दिवसही घरासारखं वाटलं नाही. त्या संध्याकाळी मात्र मी शेवटच्या ओळीपर्यंत हलले नाही. माझ्या तोंडावर खरं बोलणारं माणूस जिथे आहे, ते माझं घर. आत घेशील न घेशील, तो तुझा प्रश्न. पुढच्या रविवारीही मी कठड्यापाशी असेन. तू म्हण.