चांगल्या आकड्याचा माणूस

काडीमास्तरांना हार्ट अटॅक आला, ही बातमी कारखान्यात कुणालाच खरी वाटली नाही. बॉयलरवाला तर हसलाच. "कुणाला? आपल्या काडीला? अरे, अटॅक यायला त्याच्या अंगात जागा कुठंय?" मग समोरच्याचा चेहरा बघितला आणि त्याचं हसू तोंडातच राहिलं.

मास्तर सरबताच्या कारखान्यात चव बघायचे. टाकीतला पाक बाटलीत जाण्याआधी त्यांच्या जिभेवरून जायचा. चव बघणारे बाकीचे लोक घोट तोंडात घोळवून बेसिनमध्ये थुंकत. मास्तरांना ते मान्य नव्हतं. "गोडी जिभेला कळते. ती किती टिकते ते घशाला कळतं," असं म्हणून ते घोट गिळत. त्यांनी पास केलेला माल कधी परत आला नाही. मुलगी त्याच कामावर नोकरीला लागली, तेव्हा तिलाही त्यांनी तसंच शिकवलं.

माणूस निर्व्यसनी. दारूला कधी शिवले नाहीत. कारखान्याच्या तपासणीत त्यांचं चांगलं कोलेस्टेरॉल भरपूर निघालं आणि त्यांनी ते अख्ख्या कँटीनला ऐकवलं. त्याच तपासणीत सोनोग्राफीवाल्यानं लिव्हरवर चरबी असल्याचं सांगितलं होतं. ते घरी सांगितलं, पण हसत हसत.

"लिव्हर दारुड्यांचं बिघडतं. ते मशीनच पिऊन आलं असेल."

"अहो, हसण्यावारी काय नेता?" बायको म्हणाली. "डॉक्टरला विचारा तरी."

"विचारायचं काय? चांगलं कोलेस्टेरॉल आहे ना राखणीला!"

आणि मग एका सकाळी टाकीजवळ त्यांच्या जबड्यात कळ आली. अंग घामानं भिजलं. हातातला पेला खाली पडला. मुलीनं त्यांना धरलं नसतं, तर तेही पडले असते.

आता ते दवाखान्यात होते. रक्तवाहिनीतली गाठ काढून झाली होती. बायको खिडकीशी, मुलगी पायथ्याशी. डॉक्टरबाई तपासून निघणार, तेवढ्यात मास्तरांनी विचारलंच.

"माझा तो चांगल्या कोलेस्टेरॉलचा आकडा खोटा होता का हो?"

"आकडा खरा होता. चांगलं कोलेस्टेरॉल रक्तवाहिन्यांतली जास्तीची चरबी उचलून लिव्हरकडे नेतं. पण लिव्हरच चरबीनं भरलं, की पुष्कळदा या कोलेस्टेरॉलचा आकडा घसरतो. कधी आकडा टिकतो, पण काम ढिलं पडतं. फॅटी लिव्हरच्या रुग्णांना लिव्हरइतकीच हृदयाचीही काळजी घ्यावी लागते, काका."

"म्हणजे रंग बरोबर, वास बरोबर, आणि चवच नाही."

"तसंच समजा."

"पण मी तर पीत नाही. अंगावर बघा, चिमटीत धरायला मांस नाही."

"बारीक माणसालाही होतं. कारणं बरीच असतात. वर्षानुवर्षं पोटात जाणारी साखर हे त्यातलं एक."

मास्तरांनी पायथ्याशी बसलेल्या मुलीकडे पाहिलं.

"तू अजून गिळतेस?"

"तुम्हीच शिकवलंत ना, बाबा."

तिनं ते साधेपणानं म्हटलं. तिला काही टोचायचं नव्हतं. मास्तर मात्र अटॅकच्या वेळीही इतके घाबरले नव्हते.

"हिची सोनोग्राफी करा," ते डॉक्टरबाईंना म्हणाले. "आत्ताच्या आत्ता."

"बाबा, मला काय झालंय? मी ठणठणीत आहे."

"मीही ठणठणीत होतो!"

नर्सनं दटावलं, "आवाज नको, आजोबा." डॉक्टरबाईंनी चिठ्ठी लिहून दिली आणि मायलेकी सोनोग्राफीसाठी खालच्या मजल्यावर गेल्या. मास्तर दाराकडे डोळे लावून पडून राहिले. स्वतःच्या छातीचं त्यांना आठवतही नव्हतं.

मुलगी आधी आत आली. चेहरा उतरलेला, पण हसायचा प्रयत्न चालू होता.

"आहे. पण चरबीची नुसती सुरुवात आहे म्हणाले. गोड बंद, चालणं सुरू. परत पहिल्यासारखं होऊ शकतं."

तिनं स्टूल ओढलं, मास्तरांचा हात हातात घेतला आणि त्यांनाच समजावू लागली. "लवकर सापडलं हे बरं नाही का? रक्तही तपासायला दिलंय. घाबरू नका."

"मी शिकवलं गं तुला."

"हो," ती म्हणाली.

मागून आलेली बायको खिडकीशी पाठमोरी उभी होती. मास्तरांनी तिला दोनदा हाक मारली. ती वळली नाही.