बेचाळीस टक्के

काळ्या पडद्यावर बेचाळीस टक्के हा आकडा उभा होता आणि हलायचं नाव घेत नव्हता. आमचा जुना कॉम्प्युटर सिस्टिमच्या फाइली खराब झाल्याची तक्रार करत सारखा अडत होता, म्हणून मी त्याला स्वतःच्याच फाइली तपासून दुरुस्त करायला लावलं होतं. "आज नीट झाला नाही, तर उद्या भंगारवाल्याला देणार," असं बायकोने बजावलं होतं.

"अहो, टक लावून बघितल्याने सरकणार आहे का तो? त्यापेक्षा दुधाकडे बघा," म्हणत ती वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेली.

मी दुधासमोर उभा राहिलो. तेही हलेना. काही गोष्टींना आपल्यादेखत घडायला संकोच वाटत असावा. आकडा बघायला क्षणभर बाहेर गेलो, तेवढ्यात दूध उतू गेलं. ओटा पुसून परतलो, तर तिकडे शंभर टक्के!

खाली लिहिलं होतं, काही फाइली दुरुस्त करता आल्या नाहीत. शंभर हा आकडा काम संपल्याचा असतो, काम झाल्याचा नव्हे, हे या वयात कळलं. तरी मी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला आणि कुरकुरत का होईना, तो सुरू झाला.

बायकोने आल्याआल्या जळक्या दुधाचा वास घेतला, मग पडद्याकडे पाहिलं.

"झाला का दुरुस्त?"

"पूर्ण नाही. पण चालतोय."

"मग राहू दे. या घरात पूर्ण दुरुस्त आहे तरी कोण?"

उरलेल्या दुधात दोघांचा चहा झाला.